मनाई

शालिकरामच्या डाव्या अंगठ्याला शाई नीट धरेना. मधुकररावांनी त्याचं मनगट पकडून अंगठा पुन्हा गादीवर दाबला, या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवला आणि कागदावर टेकवला. उमटला तो अर्धाच. नखाखालचं कातडं सोलून निघालं होतं, नवं अजून धरायचं होतं. तेवढ्या जागी कागद कोरा राहिला.

"दुखते का गा?"

"नाही जी."

"उजवा दे."

उजवा स्वच्छ उमटला. मधुकररावांनी त्यावर टिपकागद दाबला आणि खाली आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: शालिकराम डोमाजी, कोतवाल, मौजा बोरडोह, यांची निशाणी, उजव्या हाताचा अंगठा.

कन्हानचा पूर ओसरून अकरा दिवस झाले होते. कार्यालयाच्या भिंतींवर छातीइतक्या उंचीला गाळाची तपकिरी पट्टी उठली होती. बाहेर ओट्यावर भिजलेलं दप्तर उन्हात पसरलं होतं. वारा आला की सात-बाराची फुगलेली पानं उलटत नसत, नुसती थरथरत.

मधुकरराव गावचे तलाठी. बोरडोहात त्यांना सगळे पटवारीसाहेबच म्हणत. शालिकराम त्यांच्या हाताखालचा कोतवाल. दवंडी द्यायची, सरकारी कागद घरोघर पोचवायचे, साहेब आले की माठातलं पाणी द्यायचं. पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा माणूस. खाली उकिडवा बसून त्याने आपला जबाब शेवटपर्यंत ऐकून घेतला होता.

"कुलुपाचं माह्यावर येईन का जी?" त्याने विचारलं.

"नाही येणार. गोदामाचं कुलूप माझ्या हुकुमावरून तोडलं, असं लिहिलं आहे ना. मग तुझ्यावर काय येते?"

"आन गिरिधरचं? मी सांगतलं तसं लिहिलं?"

"लिहिलं."

शालिकरामने अंगठा धोतराच्या सोग्याला पुसला, हात जोडले आणि दप्तराची पानं सुटी करायला बाहेर गेला.

जबाब वाचून दाखवताना मधुकररावांनी एक ओळ गिळली होती. पान उलटायला लागतो तेवढाच वेळ त्याला लागला. ती ओळ अशी होती: 'गिरिधर सोमाजी यास पुराचे पाण्यात जाण्यास सक्त मनाई करण्यात आली होती, तथापि तो आपले मर्जीने गेला व मयत झाला.'

शालिकरामने सांगितलं होतं ते वेगळं होतं. "त्यानं मले इचारलं, जाऊ का काका? मी म्हटलं, जाय. हे लिहा जी. मी धाडलं त्याले." पण तहसीलच्या कारकुनाने मधुकररावांना आधीच बाजूला घेऊन समजावलं होतं. माणूस मेला आहे. कोणी पाठवला म्हटलं, की कोणाच्या हुकुमानं, कोणाच्या जबाबदारीवर, सगळंच उकरून निघतं. एक ओळ टाका, विषय मिटतो.

त्यांनी ती टाकली होती. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं होतं.

*

जूनमध्ये वरून परिपत्रक आलं होतं. नदीकाठच्या गावांत घरोघर जाऊन पुराची पूर्वतयारी समजावून सांगावी, प्रत्येक कुटुंबप्रमुखाची सही अगर अंगठा घ्यावा, पोहणाऱ्यांची आणि डोंग्यांची यादी करावी. तलाठ्याने बोरडोहातच राहावं असा नियम होता. मधुकरराव राहत नागपूरला. कामठीपर्यंत बस, पुढे सायकल, तेही आठवड्यातून तीनदा. परिपत्रक आलं त्या दिवशी दाराला कुलूप लावता लावता ते शालिकरामला म्हणाले होते, "लोकांना जरा सांगून ठेव."

एवढंच. पुढे तहसीलने यादी मागितली तेव्हा ती त्यांनी एका दुपारी घरी बसून पुरी केली. नदीच्या अंगाची एक्केचाळीस घरं, दोनशे चौदा माणसं. सह्या तीन वेगवेगळ्या पेनांनी केल्या. अंगठ्यांसाठी स्वतःची दहाही बोटं वापरली. चहा घेऊन आलेल्या कौसल्याबाईंनी नवऱ्याच्या निळ्या-जांभळ्या हातांकडे पाहिलं आणि कप खाली ठेवत म्हणाल्या, "मातीच्या तेलानं निघते ते."

शालिकरामने मात्र साहेबांचा शब्द मनावर घेतला. पेरण्या चालू असताना तो रोज दुपारून घरोघर हिंडला. नुसतं सांगून त्याचं भागत नसे. माळ्यावर चढून तो स्वतः ज्वारीची पोती वर ओढून द्यायचा. काड्यापेटी आणि राशनकार्ड झाकणाच्या डब्यात घालून डबा दाराच्या चौकटीला टांगायला लावायचा. गुरांच्या दाव्याला अशी गाठ मारायला शिकवायचा की एका हिसक्याने जनावर मोकळं व्हावं. घाटावरच्या कडुनिंबाच्या बुंध्यावर त्याने चुन्याच्या दोन रेघा ओढल्या. पाणी खालच्या रेघेला लागलं की गाठोडं बांधायचं. वरच्या रेघेला लागलं की मागे वळून न पाहता टेकाडावर निघायचं.

लोक हसले. सरपंच बाबाराव तर पारावर सगळ्यांच्या देखत म्हणाला, "काहून गा शालिकराम, पूर काय तुले चिठ्ठी धाडून येते?"

"चिठ्ठी नाही धाडत जी. पण येते."

हसला नाही तो एक गिरिधर. ढिवरपुऱ्यातला, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, घाटावर डोंगा चालवणारा. त्याने पावसाळ्याआधी डोंगा पालथा घालून त्याच्या फटी डांबराने बुजवल्या आणि शालिकरामला म्हणाला, "लिहा माह्यं नाव काका, तुमच्या यादीत." शालिकरामला लिहिता येत नव्हतं. त्याने नाव लक्षात ठेवलं.

*

पुराचा दिवस मधुकररावांनी इतक्या जणांच्या तोंडून ऐकला होता, की अहवाल लिहिताना कधी कधी आपण तिथे होतो असंच त्यांना वाटू लागे.

पोळ्याला दोन दिवस राहिले होते. घरोघर बैलांच्या झुली काढून ठेवलेल्या. तीन दिवस झड लागली होती. सकाळी नऊच्या सुमारास पाणी खालच्या रेघेला लागलं आणि शालिकराम गळ्यात डफडं अडकवून निघाला. अकराला वरची रेघ बुडाली. तोवर दोन तृतीयांश लोक वाटेला लागले होते. तेच लोक, जे हसले होते. गाठोडी तयार होती, गुरं एका हिसक्यात सुटत होती, आणि कोणालाही कुठे जायचं ते विचारावं लागत नव्हतं.

टेकाडावर सोसायटीचं गोदाम होतं. आत सरकारने लेव्हीत घेतलेली ज्वारी, दाराला कुलूप आणि कुलपाला सरकारी शिशाचं सील. किल्ली सोसायटीच्या सचिवाकडे, आणि सचिव कामठीला. बायका पोरं भिजत उभी होती. शालिकराम सीलकडे पाहत थोडा वेळ थांबला म्हणतात. मग त्याने सब्बल, लोखंडी पहार, मागवली. तिसऱ्या घावाला त्याचा अंगठा सब्बल आणि कोयंड्याच्या मध्ये सापडला. चौथ्याला कुलूप पडलं. लोक पोत्यांवर बसले. खालच्या थरातली ज्वारी ओली झाली आणि पुढे चार दिवसांत तिला मोड आले.

गिरिधरने दोन खेपांत नाल्याकडची अकरा माणसं आणली. दुसऱ्या खेपेला कळलं की बाबारावचे वडील, बापूजी, गोठ्यातच राहिले आहेत. पोळ्याच्या तोंडावर बैल सोडून म्हातारा निघायला तयार नव्हता. गिरिधर डोंग्याचा दोर हातात धरून टेकाडाखाली उभा राहिला.

"काका, म्हातारा राह्यला. जाऊ का?"

शालिकरामने पाण्याकडे पाहिलं. नाल्याच्या तोंडाशी पाणी गरगरत होतं. बाबाराव त्याच्या शेजारी उभा राहून गोठ्याकडे पाहत होता.

"जाय," शालिकराम म्हणाला.

डोंगा नाल्याच्या तोंडाशी उलटला. टेकाडावरून सगळ्या गावाने ते पाहिलं. गिरिधरची बायको भागीरथा पोरीला कडेवर घेऊन पुढेच उभी होती. बापूजी दुसऱ्या दिवशी सकाळी कडुनिंबाच्या बेचक्यात बसलेले सापडले, थंडीने काकडलेले, पण धड. बैल मेले होते. गिरिधर चौथ्या दिवशी सापडला, तीन कोस खाली, एका बाभळीच्या वनात.

त्या दिवशी दुपारी मधुकरराव नागपूरला आपल्या घरी पलंगावर पडून होते. कारण काहीच नव्हतं. पाऊस होता. बोरडोहला ते तिसऱ्या दिवशी पोचले.

*

अहवाल वर गेला आणि तिथे तो लोकांना आवडला. कन्हानकाठच्या इतर गावांत माणसं गेली होती, गुरं तर मोजता येत नव्हती. बोरडोहात दोनशे चौदापैकी दोनशे तेरा जिवंत, आणि घरोघरच्या सह्या-अंगठ्यांची यादी पुराव्याला हजर. वर्तमानपत्रात 'बोरडोह पद्धत' असा शब्द छापून आला. डिसेंबरात अधिवेशनासाठी सगळं सरकार नागपुरात उतरलं, तेव्हा एका सभागृहात पुरात कामगिरी केलेल्यांचा गौरव ठरला. बोरडोहचे दोघे होते: तलाठी आणि कोतवाल.

बाबारावने ट्रक ठरवला आणि गावातून पस्तीस-चाळीस माणसं आणली. त्यांत भागीरथाही होती. तिला शालिकरामने सांगितलं होतं, "चाल वं बाई. गिरिधरचं नाव घेतीन तिथं. तुह्या पोरीनं ऐकाले पायजे." ती तिसऱ्या रांगेत, धुतलेलं लुगडं नेसून, पोरीला मांडीवर घेऊन ताठ बसली होती. पोर झोपू पाहत होती. भागीरथा तिला हलवून जागं करत होती.

व्यासपीठावर मधुकररावांच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, काचेच्या चौकटीतलं प्रशस्तिपत्र आलं. टाळ्या झाल्या. मग शालिकरामची पाळी. शाल त्याला मोठी झाली. तो ती दोन्ही हातांनी छातीशी आवळून उभा राहिला. निवेदक अहवालातून वाचत होता. तलाठ्यांच्या दूरदृष्टीने, तलाठ्यांच्या आदेशानुसार, तलाठ्यांनी प्रसंगावधान राखून. शालिकराम प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. हे सगळं त्याला ठाऊक होतं. यावर त्याने अंगठा दिला होता.

"दुर्दैवाने," निवेदक वाचत गेला, "गिरिधर सोमाजी या इसमास पाण्यात जाण्यास सक्त मनाई करण्यात आली असतानाही, सूचना न जुमानता तो स्वतःच्या मर्जीने गेला व प्राणास मुकला. शिस्त न पाळल्यास काय होते, याचे हे उदाहरण सर्वांनी लक्षात ठेवावे."

शेवटचं वाक्य मधुकररावांचं नव्हतं. ते वर कोणीतरी जोडलं होतं.

मधुकररावांनी तिसऱ्या रांगेकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. भागीरथाला नवऱ्याचं नाव ऐकू आलं तेव्हा तिने पोरीला वर उचलून धरलं होतं. पुढचं तिला कळलं नसावं. तिने शेजारच्या बाईला काहीतरी विचारलं. ती बाई तिच्या कानाशी लागली. भागीरथाने पोरीला हळूहळू खाली मांडीवर घेतलं.

"साहेब," शालिकराम म्हणाला.

निवेदक थांबला. ध्वनिक्षेपक शालिकरामपासून दूर होता, पण सभागृहात आवाज पोचला.

"साहेब, ते चुकीचं हाय जी. गिरिधरले कोणी मनाई नाही केली. त्यानं मले इचारलं, मी म्हटलं जाय. मी धाडलं त्याले."

मधल्या खुर्चीवरच्या मोठ्या साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, समोर बसलेल्या पत्रकारांकडे पाहिलं आणि मग मधुकररावांकडे वाकून हळूच विचारलं, "काय हो तलाठी? तुम्ही मनाई केली होती ना?"

तीन शब्द पुरले असते. 'मी तिथे नव्हतो.' ते मधुकररावांच्या जिभेवर आलेही. पण त्या तीन शब्दांमागून बाकीचं सगळं आलं असतं: बंद कार्यालय, पलंग, दहा बोटं. त्यांनी शालिकरामकडे पाहिलं. तो विनवत नव्हता, रागावलाही नव्हता. सकाळी कार्यालयाच्या दाराशी साहेबांनी कुलूप काढायची वाट बघत उभा राही, तसा तो उभा होता.

"हो साहेब," मधुकरराव म्हणाले. "केली होती."

"मग यानं परस्पर पाठवला?"

नारळाची शेंडी त्यांच्या बोटांत टोचत होती.

"हो साहेब."

आता शालिकराम बोलेल, असं त्यांना वाटलं. साहेब, हे गावात नव्हतेच, असं म्हणेल. पुढे साक्षीला टेकाडावरची दोनशे माणसं होती, त्यांतली चाळीस तर समोर बसली होती. शालिकरामने शाल छातीशी पुन्हा आवळली. हुकूम साहेबांचा होता असं सांगायचं त्याने कबूल केलं होतं, अंगठा दिला होता. तेवढा शब्द त्याने मोडला नाही. समोर बाबाराव होता. त्याने आपल्या धोतराची निरी नीट करायला घेतली. गावातलं दुसरं कोणीही उठलं नाही.

मोठे साहेब उठून ध्वनिक्षेपकापाशी गेले. कोतवाल भावनेच्या भरात बोलले, म्हणाले. अशी साधी माणसंच या मातीचं वैभव आहे, म्हणाले. टाळ्या पडल्या. छायाचित्र काढणारा पुढे आला आणि त्याने दोघांना जवळ सरकायला सांगितलं.

बाहेर ट्रक उभा होता. मधुकररावांचं घर तिथून पायी दहा मिनिटांवर. त्यांना ट्रकपाशी जायचं कारण नव्हतं. तरी ते गेले, आणि नारळ काखेत धरून फाळक्यापासून चार हातांवर थांबले. सगळे चढले होते. शालिकराम शेवटी चढला. आत कुठे बसावं हे न कळून तो फाळक्याला धरून उभाच राहिला.

कोपऱ्यात बसलेल्या भागीरथाने पोरीला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं आणि थोडी सरकली.

"इकडं बसा काका," ती म्हणाली.

ट्रक निघाला.

*

फेब्रुवारीत चौकशी झाली. वरिष्ठांची मनाई असताना कोतवालाने एका इसमास परस्पर पुरात पाठवले व त्याच्या मृत्यूस तो कारण झाला, हे त्याने स्वतःच भर सभेत कबूल केलं होतं; साक्षीदार तपासायची गरज कोणाला वाटली नाही. मार्चमध्ये शालिकरामला कोतवालीवरून काढल्याचा हुकूम निघाला. तो बजावायचं काम रीतीप्रमाणे तलाठ्याकडे आलं.

मधुकररावांनी हुकूम वाचून दाखवला. शालिकरामने कमरेचा पट्टा सोडला, त्यावरचा पितळी बिल्ला पदराने पुसून द्यायला बरोबर आलेल्या बायकोजवळ दिला, आणि तिने पुसल्यावर दोन्ही मेजावर ठेवले.

"माह्या बापाचा होता जी हा बिल्ला," तो म्हणाला. तक्रार नव्हती त्यात. सरकारी वस्तूची माहिती असावी म्हणून सांगितल्यासारखं.

"शालिकराम, मी वर एक अर्ज करून बघतो," मधुकरराव म्हणाले.

"करा न जी."

त्यांनी केला नाही. म्हणजे दोनदा लिहायला घेतला. 'वस्तुस्थिती अशी की' एवढं लिहून झालं की पुढचं वाक्य त्यांना सुचत नसे, आणि कौसल्याबाई जेवायला हाक मारत. प्रशस्तिपत्र त्यांनी भिंतीवर लावलं नव्हतं. कौसल्याबाईंनीच एक दिवस खिळा ठोकून लावलं. आल्यागेल्याला दिसेल असं.

*

पुढच्या जूनमध्ये परिपत्रक आलं ते छापील होतं. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं: बोरडोह पद्धतीनुसार करावयाची पूर्वतयारी.

या खेपेला मधुकरराव स्वतः निघाले. कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी तीन दिवस बोरडोहात मुक्काम केला, पहिल्यांदाच. वही काखेत मारून ते एकेका घराच्या ओट्यावर चढले. लोकांनी खाट टाकली, पाणी दिलं, पटवारीसाहेब म्हणाले. मधुकररावांनी माळ्याचं सांगायला सुरुवात केली की घरधनी वर बोट दाखवी. पोती चढलेली होती. डब्याचं सांगावं तर डबा चौकटीला टांगलेला. दाव्याच्या गाठी नीट होत्या. घाटावरच्या कडुनिंबाला चुन्याच्या दोन रेघा ताज्या ओढलेल्या होत्या, आणि वरची रेघ गेल्या सालापेक्षा हातभर खाली आणली होती.

"कोणी केलं हे?" त्यांनी विचारलं.

"आमचं आम्हीच जी," प्रत्येक घरात एकच उत्तर मिळालं. कोतवालाची जागा अजून भरायची होती.

बाबारावच्या वाड्यावर बापूजी नव्या बैलांना वैरण टाकत होते. मधुकररावांना पाहून त्यांनी राम राम घातला आणि पाठ फिरवून पुन्हा वैरण टाकू लागले. कडब्याची एक पेंढी त्यांनी दोनदा सोडली आणि दोनदा बांधली.

ढिवरपुरा शेवटी आला. भागीरथाचं घर नाल्याच्या अंगाला, सगळ्यांत खाली. अंगणात गिरिधरचा डोंगा पालथा घातलेला होता; पुरानंतर तो कुठेतरी गाळात रुतलेला सापडला होता. शालिकराम त्याच्यापाशी बसून चिंध्या डांबरात बुडवून फटींत कोंबत होता. डांबराचा डबा तीन विटांवर तापत होता. त्याने मधुकररावांकडे पाहून मान हलवली आणि काम चालू ठेवलं.

"बसा जी," भागीरथाने पोतं अंथरलं.

"पुराचं सांगायला आलो होतो," मधुकरराव म्हणाले. "तुम्हाला ठाऊकच असेल सगळं."

"सांगा न. तुम्ही कधी सांगतलं नाही आजवर."

तिच्या बोलण्यात टोचणी होती का, ते त्यांना कळलं नाही. त्यांनी सांगितलं. पाणी कुठल्या रेघेला लागलं की काय करायचं, गाठोड्यात काय घ्यायचं, कुठल्या वाटेने टेकाडावर जायचं. परिपत्रकातलं एकही कलम त्यांनी सोडलं नाही. गोदामाची किल्ली आता गावातच राहणार आहे, हेही सांगितलं. भागीरथाने सगळं नीट ऐकून घेतलं. पोर तिच्या मागे चिमणीला दाणे टाकत होती.

"झालं जी?"

"झालं."

"एक इचारू का?"

"विचारा ना."

"सगळे वर गेले आन खाली कोणी राह्यलं, म्हातारं-कोतारं, तर त्याले आणाले कोण जाईन?"

मधुकररावांनी वही उघडली. परिपत्रक मध्येच घडी करून ठेवलं होतं. त्यांनी ते उलगडलं, पहिलं पान पाहिलं, मागचं पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. त्यांनी डोंग्याकडे नजर टाकली. शालिकरामचा हात थांबला होता. त्याने मान वर केली नव्हती, पण चिंधी डांबरातून काढून तो तशीच धरून बसला होता, आणि तिच्यातून डांबर मातीवर ठिबकत होतं.

"ते यात दिलेलं नाही," मधुकरराव म्हणाले. परिपत्रकाची पुन्हा घडी घालत ते म्हणाले, "मी वर विचारून सांगतो."

शालिकरामने चिंधी फटीत कोंबली आणि वरून चपट्या दगडाने ठोकली.

"इचारा जी," भागीरथा म्हणाली. "पण पाणी यायच्या आधी सांगा."

आणि पोरीला हाक मारून ती चुलीकडे वळली.